ढोलाला बटण नसतं

भीमातीर मेलडी ग्रुपचा दौंडमधला गणपतीतला कार्यक्रम संपला, तेव्हा हनुमंत कोकरे पेटी बंद करून स्टेजच्या कडेला उभा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहऱ्यावर असा भाव होता, की कोणी कौतुक करायला आलंच तर आपण मुद्दाम उभे आहोत असं वाटू नये. लोक येत होते. गिटारवाल्या पप्पूशी हात मिळवत होते, गायक ज्ञानदेवच्या पाठीवर थाप मारत होते, आणि जाताना हनुमंताला "जरा सरका" म्हणत होते.

आबा शेवटी उठले. हनुमंताचे वडील केंदूरहून एसटीने मुद्दाम आले होते आणि पहिल्या रांगेत, खुर्चीवर पाय वर घेऊन, कार्यक्रमभर बसले होते.

"समदं झाक झालं," आबा म्हणाले.

कौतुक घेताना घालतात तशी हनुमंताने मान जराशी खाली घातली.

"पर येक सांग. तू वाजवत व्हतास, का नुसता भाता हालवत व्हतास?"

आबांना टोमणा मारायची सवय नव्हती. मेंढरं राखण्यात उमर गेलेला माणूस. ज्याला जे विचारायचं ते सरळ विचारायचं, कारण टोमणा मेंढराला कळत नाही. आबांना खरोखरच माहिती हवी होती. म्हणूनच तो प्रश्न हनुमंताच्या जिव्हारी लागला.

ग्रुपची स्थापना हनुमंताने केली होती, हे इथे सांगायला हवं, कारण खुद्द ग्रुपमध्ये ते कोणी सांगत नसे. हनुमंत दौंडला सरकारी कचेरीत लिपिक होता. दिवसभर आवक-जावक पाहून संध्याकाळी त्याला काहीतरी सुरात हवं असायचं. आधी तो आणि ज्ञानदेव असे दोघेच बसत. ज्ञानदेव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत तयार झालेला त्याचा आवाज मालगाडीलाही वाट द्यायला लावणारा होता. पेटी आणि गळा, एवढ्यावर छान चाललं होतं. मग पप्पू आला. त्याचं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे त्याच्याबरोबर गिटार, ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि माणूसभर उंचीचे स्पीकर आले. मग बँकेतला रोहन कीबोर्ड घेऊन आला. आणि शेवटी भांडगावहून मल्हारी आला, ढोल घेऊन.

अडचण तिथून सुरू झाली. गिटारला आवाजाचं बटण होतं, कीबोर्डला होतं, माईकला होतं. ढोलाला बटण नव्हतं. ढोलाला मल्हारी होता. आणि मल्हारीला एक बहीण होती, ती हनुमंताची बायको होती.

मल्हारी शेती करायचा आणि गजी ढोल वाजवायचा. उघड्या माळावर, नाचणाऱ्यांच्या रिंगणात वाजवायचा तो ढोल. तो त्याने पप्पूच्या दुकानामागच्या खोलीत पहिल्यांदा वाजवला तेव्हा दुरुस्तीला आलेला एक टीव्ही आपोआप सुरू झाला. पप्पूने ते ढोलाच्या खात्यावर जमा धरलं आणि मल्हारी ग्रुपमध्ये आला.

पुढचा प्रकार स्टेजवर दर वेळी एकाच क्रमाने घडे. मल्हारीच्या शेजारी बसलेल्या रोहनला स्वतःचा कीबोर्ड ऐकू येत नसे, म्हणून तो बटण थोडं पुढे सरकवी. रोहन वाढला की पप्पूला गिटार सापडेनाशी होई, म्हणून तो वाढवी. आणि मिक्सर त्याच्याच पायाशी असल्याने, वाढवण्याच्या कामात त्याला कोणाची परवानगी लागत नसे. मग ज्ञानदेवचा स्वतःचा शब्द त्याला ऐकू येईना, की तो पप्पूला खुणावी, आणि पप्पू त्याचा माईक वाढवी, की माईक शिट्टी मारी. एवढा गदारोळ झाल्यावर मल्हारीला वाटे, आज मंडळी रंगात आली आहेत. आपण मागे राहणं बरं नाही. मग तो टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, जरा वरून आणी. दुसऱ्या कडव्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पेटीसमोर माईक होता, नाही असं नाही. पण त्या माईकमधून पेटीपेक्षा ढोलच जास्त जात असे. हनुमंताचा माईक वाढवला की लोकांना ढोल दोन ठिकाणांहून ऐकू यायचा.

आबांच्या त्या प्रश्नानंतर हनुमंताने पप्पूच्या दुकानात बैठक बोलावली. विषय एकच होता, स्टेजवरचा आवाज.

"आवाज जास्त होतोय, हे मला मान्य आहे," पप्पू म्हणाला. "रोहनने कमी करायला पाहिजे."

"मी तर ऐकूच येत नाही," रोहन म्हणाला.

"आमच्या गायन पार्टीत एक माईक असायचा," ज्ञानदेव म्हणाला. "बाकीचे मागं उभं राहून एकमेकांचं ऐकायचे. ऐकल्याशिवाय कोरस कसा धरणार? इथं प्रत्येक जण फक्त स्वतःला शोधतोय. जत्रेत हरवल्यागत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला वाटलं, हे शेजारच्याला उद्देशून आहे.

मल्हारी म्हणाला, "माझं काय म्हननं न्हाई, दाजी. तुमी म्हनाल तसं."

आणि हाच माणूस मान डोलावतानासुद्धा बोटांनी बाकावर असा ठेका धरत होता, की वरच्या फळीवरच्या कॅसेटी पुढे सरकत होत्या.

शेवटी हनुमंताला तोडगा सुचला. तालमीत सगळ्यांच्या संमतीने आवाज ठरवायचा आणि बटणाच्या त्या जागी खूण करायची. खुणेसाठी त्याने बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणलं. प्रतिभा शाळेत शिक्षिका होती आणि टिकल्यांच्या बाबतीत काटेकोर होती, पण शिस्तीचं काम आहे म्हटल्यावर तिने लाल आणि किरमिजी अशा दोन रंगांच्या दिल्या. गिटारला लाल, कीबोर्डला किरमिजी. बटण टिकलीच्या पुढे न्यायचं नाही, असा ठराव झाला.

पुढचा कार्यक्रम पाटसला, साखर कारखान्याच्या कॉलनीत होता. पहिलं गाणं टिकलीवर झालं. हनुमंताला स्वतःच्या पेटीतला एक सूर ओझरता ऐकू आला आणि जुना मित्र बाजारात दिसावा तसा त्याला आनंद झाला. तिसऱ्या गाण्याला तो मित्र गर्दीत नाहीसा झाला. हनुमंताने वाकून पप्पूच्या बटणाकडे पाहिलं. बटण बरोबर टिकलीवर होतं.

"टिकलीवरच आहे की," पप्पू दुखावल्या स्वरात ओरडला.

ते खरं होतं. टिकली पुढे गेली होती.

रोहनची टिकली गरमीने सुटून पडली होती. ती त्याने प्रामाणिकपणे, आठवणीने, जागेवर लावली होती. पण आठवणीतला आवाज नेहमी थोडा मोठाच असतो.

मध्यंतराच्या सुमाराला कॉलनीतल्या एका साहेबांच्या बंगल्यावरून माणूस आला. त्याने स्टेजवर चढून काहीतरी सांगितलं, ते कोणालाच ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. शेवटी बिचाऱ्याने ज्ञानदेवच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाला, "आवाज कमी करा, साहेबांच्या आई झोपल्यात." त्या कार्यक्रमातल्या सर्वात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या.

याच सुमाराला हनुमंताच्या खालच्या मजल्यावर राहणारे पोपटराव या प्रकरणात उतरले. पोपटराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ज्या माणसाने सगळी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली त्याला पुढे काय चुकतंय ते नेहमीच दिसतं.

"कोकरेसाहेब, तुमच्या दुखण्याचं मूळ ढोलात आहे," ते म्हणाले. तालीम आता हनुमंताच्या गच्चीवर होत असल्याने त्यांना ते कळायला बाहेर पडावं लागलं नव्हतं. "ढोलाचं तोंड भिंतीकडं करा."

ढोलाचं तोंड भिंतीकडे केलं. पण त्याला दोन तोंडं असतात हे पोपटरावांनी लक्षात घेतलं नव्हतं. मग त्यांनी अंड्यांचे ट्रे सुचवले. मुंबईला म्हणे स्टुडिओत लावतात. हनुमंताने बिर्याणीवाल्याकडून रिकामे ट्रे आणून गच्चीच्या कठड्याला आतून बांधले. आवाज तेवढाच राहिला, फक्त वास आला, आणि आसपासची मांजरं तालमीला हजर राहू लागली. तिसरा उपाय म्हणून पोपटरावांनी कापसाचे बोळे सुचवले. ते त्यांनी स्वतःच्या कानात घातले आणि या विषयावर बोलणं बंद केलं.

मग केंदूरची सुपारी आली. गावाजवळच्या वस्तीवरची, हनुमंताच्या स्वतःच्या वस्तीवरची, देवाची यात्रा. यात्रा कमिटीने दर वर्षीचा तमाशा सोडून ऑर्केस्ट्रा ठरवला होता, आणि तो आबांच्या सांगण्यावरून. "आमचा हनुमंत पेटी घिऊन येनार हाय," असं आबांनी पारावर जाहीर करून टाकलं होतं.

ही बातमी ऐकून हनुमंताने यात्रेपर्यंतच्या तालमी मोजल्या. कारण त्याने मनात एक गोष्ट ठरवून ठेवली होती. आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे तेव्हा घाटात एक ओवी म्हणायचे. लहानपणी हनुमंत त्यांच्याबरोबर एकदा गेला होता आणि ती चाल त्याच्या कानात बसली होती. गेलं वर्षभर दार लावून, प्रतिभालाही न सांगता, त्याने ती पेटीवर बसवली होती. वस्तीवरच्या कार्यक्रमात ती एकट्या पेटीवर वाजवायची, मागे मल्हारीचा हलका ठेका, आणि समोर आबा. आबांनी एकदा ऐकावं. बाकी काही नको होतं. पण मल्हारीचा हलका ठेका ही वस्तू अजून अस्तित्वात यायची होती.

त्याआधी ध्वनिक्षेपकाची परवानगी काढायची होती. ती कमिटीने हनुमंताच्याच गळ्यात घातली, कारण तो सरकारी माणूस. परवानगीच्या टेबलावर अर्ज दिला तेव्हा तिथले गृहस्थ म्हणाले, "आवाज किती ठेवणार ते लिहिलं नाहीत."

हनुमंताने बाहेरच्या बाकावर बसून विचार केला. आयुष्यभर त्याने खोटा शेरा मारला नव्हता. त्याने लिहिलं: 'आवाज सध्या जास्त आहे. तो कमी करण्याचे प्रयत्न सुरू असून अद्याप यश आलेलं नाही.'

गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. "अहो, नियमात बसणारा आवाज, एवढंच लिहा."

"पण तो बसत नाही."

"तो स्टेजवर बसवायचा नाहीये. कागदावर बसवायचाय."

हनुमंताला हे पटायला हवं होतं, कारण तो स्वतः हेच काम करत होता. पण टेबलाच्या या बाजूने ते वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं. त्याने नवा अर्ज लिहिला आणि त्याला वाटलं, एवढ्या सहज आवाज कमी करणारा माणूस आपल्या ग्रुपमध्ये हवा होता.

यात्रेआधीच्या तालमीला त्याने शेवटचा उपाय केला. घरातली कापसाची गादी गच्चीवर नेली आणि ढोलाभोवती उभी केली.

मल्हारीने टिपरू खाली ठेवलं. "दाजी, ह्यो बाळंत झालाय का?"

"आवाज जरा अडेल, एवढंच."

"मग मलाच अडवा की. गादीत कशापायी गुंडाळताय? आजारी मानसाला गुंडाळत्यात."

त्या रात्री हनुमंताच्या ताटात पोळ्या जाड आल्या. "माझ्या भावाला गादीत गुंडाळायला निघालात," प्रतिभा भिंतीला म्हणाली. भिंतीने उत्तर दिलं नाही. हनुमंतानेही भिंतीचंच धोरण पत्करलं. दोन दिवस पोळ्या त्याच जाडीच्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी मल्हारी स्वतःच आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "घोंगडं आसतं तर येगळी गोष्ट व्हती, दाजी. घोंगड्याचा मान आसतो. गादी म्हंजी काय, कोन बी लोळतं."

हनुमंत ताटावरून उठलाच. आबांच्या पेटाऱ्यात घोंगडी होती. जाड, काळ्या लोकरीची, पाऊस न झिरपणारी. ज्यातून पाऊस जात नाही त्यातून आवाज तरी किती जाणार?

यात्रेच्या दिवशी मंडळी जीपने वस्तीवर पोचली. आबा दारातच उभे होते.

"घोंगडी पाहिजेत, आबा. सगळी."

"कशापायी?"

"ढोलाला."

ढोलाचा मान राखायचा म्हणतोय पोरगा, शहरात राहून विसरला नाही, याचं आबांना समाधान झालं. पेटारा उघडून त्यांनी सगळी काढून दिली आणि मग खांद्यावरचंही काढून वर ठेवलं.

दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. हनुमंताने बांबू उभे करून मागच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी घोंगडी लावली, वर एक टाकलं आणि पुढून अर्धं सोडलं. छोटी खोलीच झाली. मल्हारी आत जाऊन बसला आणि त्याला जागा पसंत पडली. मग तो ढोल वाजवायच्या आधी दर वेळी जे करतो ते त्याने केलं. ढोलाला भंडारा लावला, उदबत्ती लावली. आणि आज घोंगडीही होती, म्हणून मुठीतला उरलेला भंडारा घोंगड्यांवर उधळला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी हनुमंताने लक्षात घेतली नव्हती. वस्तीवरच्या देवळाचं बांधकाम सुरू होतं. देव तात्पुरता शाळेच्या खोलीत ठेवला होता आणि यात्रेत त्याला कुठे बसवणार यावरून कमिटीत चार मतं होती. लोक येऊन खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी समोर पाहिलं. घोंगड्यांची खोली, त्यावर पिवळाधमक भंडारा, आतून उदबत्तीचा धूर, अंधारात ढोल.

पहिलं गाणं सुरू झालं आणि हनुमंताला आपल्या बुद्धीचा अभिमान वाटला. ढोल पलीकडच्या टेकडीवर वाजत असावा तसा मऊ येत होता. रोहनला स्वतःचा कीबोर्ड ऐकू आला, तो दचकला. पण मोकळी जागा दिसली की माणूस पाय पसरतो. ढोलाने सोडलेल्या जागेत पप्पूची गिटार शिरली. ती शिरल्यावर रोहन शिरला. ज्ञानदेवने खूण केली, माईकने शिट्टी मारली. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तोवर पेटी पुन्हा बुडाली होती. आबा पहिल्या रांगेत डोळे बारीक करून हनुमंताच्या बोटांकडे पाहत होते. ऐकू येत नसेल तर निदान दिसतंय का, असे.

तेवढ्यात आक्काबाई स्टेजवर चढल्या.

आक्काबाई म्हणजे वस्तीवरची सगळ्यात वडीलधारी बाई. आबासुद्धा त्यांच्यासमोर पाय खाली सोडून बसत. हातात ताट, ताटात नारळ. गाणं चालू असताना त्या शांतपणे पप्पूच्या समोरून गेल्या, घोंगडीसमोर नारळ ठेवला, डोकं टेकवलं आणि मागे वळून हाताने खाली खूण केली. आणखी दोन बायका चढल्या. मग चार. मग रांगच लागली. कमिटीचा एक जण धावत आला, त्याने स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि वाजवणाऱ्यांच्या पायांकडे असं पाहिलं, की रोहनने वाजवता वाजवता बूट काढले.

"हे काय चाललंय?" पप्पू ओरडला.

आक्काबाई त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "देव गानी ऐकाया आनलाय, आन् तू त्येच्या कानापाशी कोकलतोस व्हय रं?"

"आजी, देव नाही तिथं. आमचा ढोलवाला आहे."

"ढोलवाला हायच. देवापाशी ढोलवाला नसंल तर कोन आसंल?"

पप्पूने घोंगडीकडे एकदा वळून पाहिलं. आक्काबाईंचा हात त्याच्या पायाशी, मिक्सरकडे गेला. "ह्ये कमी कर."

जे ठरावाने झालं नव्हतं, टिकलीने झालं नव्हतं, साहेबांच्या आईने झालं नव्हतं, ते झालं. पप्पूने बटण मागे घेतलं. आक्काबाई हलल्या नाहीत. त्याने आणखी मागे घेतलं. रोहनने न सांगता घेतलं. ज्ञानदेव माईकपासून दोन पावलं मागे सरला आणि गाणं तिथंच उतरवून हनुमंताच्या कानाशी म्हणाला, "देवाशी माझा काही व्यवहार नाही, तुला माहीत आहे. पण याने आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं काम केलंय."

हनुमंताला मात्र हे बघवेना. लोकांची फसवणूक होते आहे, आणि आपल्या हातून. तो घाईने आबांकडे वळला आणि हाताने घोंगडीकडे, स्वतःकडे, पुन्हा घोंगडीकडे अशी खूण करू लागला. आबांना सगळं ठाऊक होतं, घोंगडी त्यांचीच. आबा उठले. हनुमंताला हायसं वाटलं. ते स्टेजवर आले, घोंगडीवरचा भंडारा बोटावर घेतला, कपाळाला लावला आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "आता बसलाय म्हन्त्यात तर बसूं दे. उठवनारा तू कोन? वाजीव."

आणि जागेवर जाऊन बसले.

आत मल्हारीच्या कानावर एवढंच गेलं होतं, की देव इथे बसवलाय. आपण नक्की कुठे आणि देव नक्की कुठे, हे त्याला कळेना. त्याने एकदा मागे पाहिलं, एकदा वर पाहिलं, आणि मग टिपरू ठेवून त्याने नुसत्या बोटांनी ढोलाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा मल्हारीचा ठेका हलका पडला.

हनुमंताने पेटी जवळ ओढली.

आबांच्या ओवीचा पहिला सूर निघाला आणि वस्तीवर पसरला. एकट्या पेटीचा. हनुमंताला तो इतका स्पष्ट ऐकू आला, की क्षणभर तो घाबरला. दुसऱ्या कोणाच्या घरात शिरल्यासारखा. पहिली ओळ झाली. मागच्या रांगेत रडणारं पोर गप्प झालं. आबा पुढे वाकले. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलायला लागले आणि डोळे स्टेजवरच्या मुलावर न राहता कुठेतरी घाटाच्या उतारावर गेले. हनुमंताने ते पाहिलं. प्रतिभा बायकांच्या घोळक्यात बसली होती, तिनेही पाहिलं. ही चाल तिने कधी सलग ऐकली नव्हती, पण संध्याकाळी दार लावून नवरा काय करत होता ते तिला आता कळलं.

तिसऱ्या ओळीला हनुमंत एका जागी वर गेला. जरासाच. लहानपणी ऐकलेलं, तेवढं त्याच्या आठवणीत थोडं वर सरकलं होतं, रोहनच्या टिकलीसारखं.

आबांना ते सोसलं नाही.

"तसं न्हाई रं," ते म्हणाले, आणि बसल्या जागेवरून त्यांनी ती ओळ उचलली.

आबांनी आयुष्यात माईक धरला नव्हता, कारण त्यांना त्याची गरज पडली नव्हती. दरीच्या पलीकडच्या अंगाला भरकटलेलं मेंढरू जागच्या जागी थांबावं, यासाठी तयार झालेला तो आवाज होता. तो निघाला आणि ट्रॉलीचे पत्रे थरथरले. पेटीसमोरच्या माईकने पेटी सोडली आणि आबांना पकडलं. दुसऱ्या कडव्याला आक्काबाई मिळाल्या, मग नारळ घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका जागेवरूनच मिळाल्या. घोंगडीतून मल्हारीने ऐकलं, की आबा स्वतः गातायत, म्हणजे देवाची हरकत नसणार. त्याने टिपरू उचललं. पप्पूने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि तो ऐकत बसला. त्याला असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

हनुमंत वाजवत होता. चुकलेली जागा त्याने दुरुस्त केली, पुढची कडवी बरोबर घेतली, भाता इतक्या जोराने ओढला की खांदा भरून आला. शेजारी बसलेल्या ज्ञानदेवलासुद्धा त्यातला एक सूर ऐकू आला नाही.

ओवी संपली तेव्हा लोक टाळ्या वाजवायचं विसरले. मग पुढे गाणी झालीच नाहीत. कोणी मागितलीही नाहीत. आक्काबाईंनी जाहीर केलं, की घोंगडी आता सकाळची पूजा होईपर्यंत काढायची नाहीत. मल्हारीचं जेवण त्यांनी आतच पाठवलं.

जेवणं झाल्यावर हनुमंत ट्रॉलीपाशी पेटी पुसत उभा होता. प्रतिभा शेजारी होती; बंद दाराची गोष्ट तिने जेवताना आबांना सांगून टाकली होती. आबा आले. खांद्यावर घोंगडं नव्हतं, त्यामुळे जरा लहान दिसत होते.

"समदं झाक झालं," आबा म्हणाले.

या वेळी हनुमंताने मान खाली घातली नाही.

"पयल्या दोन वळी मी ऐकल्या. लख्ख ऐकल्या. घाटात गेल्यावानी वाटलं बग." आबांनी पेटीच्या भात्यावरून हात फिरवला. "मंग मधीच वाजवायचा थांबलास का रं?"

प्रतिभाने तोंड उघडलं. हनुमंताने तिचा हात हळूच दाबला.

"भाता दमला होता, आबा."

"दमल न्हाई तर काय," आबा म्हणाले. "दार लावून वाजवतोस. वारं कुठनं मिळायचं त्येला?"